ट्रायम्फ स्पिटफायर मार्क ३: मागचे सस्पेन्शन आणि डिफरन्शियल उघडण्यापूर्वी सल्ला हवा आहे

पांझराकाठ (धुळे)

सर्वांना नमस्कार. आमच्या घरी १९६९ सालची ट्रायम्फ स्पिटफायर मार्क ३ आहे. माझ्या चुलत्यांनी ती सत्तरच्या दशकात मुंबईहून आणली आणि हौसेने चालवली. त्यांच्या पश्चात ती बराच काळ शेडमध्येच उभी होती. इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढची बाजू यांची कामे आता पूर्ण झाली आहेत. मागची बाजू तेवढी राहिली आहे आणि तिच्याविषयी मला पुरेशी खात्री वाटत नसल्यामुळे हा धागा काढत आहे.

लक्षणे अशी आहेत. क्लच सोडताना आणि अ‍ॅक्सिलरेटर अचानक सोडला तरी मागून एकदा 'खट्ट' असा स्पष्ट आवाज येतो. ताशी साठ किलोमीटरच्या आसपास गाडी ओढत असताना डिफरन्शियलमधून (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीतून) बारीक घूं घूं आवाज सुरू होतो आणि पाय उचलताच तो जवळजवळ नाहीसा होतो. डिफरन्शियलच्या पुढच्या टोकाला, जिथे प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागे ताकद आणणाऱ्या दांड्याचा) फ्लँज आहे, तिथे ऑईल जमा होते. गाडी सपाट फरशीवर उभी केली तर मागची डावी बाजू उजवीपेक्षा साधारण दोन बोटे खाली दिसते, आणि त्याच बाजूच्या टायरची आतली कड जास्त झिजलेली आहे.

आग्रा रोडवरच्या एका कमानपाटे करणाऱ्या कारागिराने गाडी पाहिली. ट्रकच्या कामात त्याचा हात चांगला आहे. त्याचे म्हणणे असे की जुने पाटे ठोकून त्यांना बाक द्यावा, वर एक पाटा वाढवावा आणि गाडी मागून दोन इंच उचलावी, म्हणजे आपल्याकडच्या रस्त्यांवर खाली घासणार नाही. दुसरीकडे माझ्या नेहमीच्या मिस्त्रींचे मत आहे की डिफरन्शियल उघडतोच आहोत तर क्राऊन, पिनियन (आतली मुख्य गिअरजोडी) आणि सगळी बेअरिंगे एकदमच बदलावीत. मला गाडी मूळ रूपातच ठेवायची आहे, पण ती केवळ प्रदर्शनात ठेवण्यासाठी नको, रस्त्यावर निर्धास्तपणे चालायलाही हवी. या दोन्ही सल्ल्यांपैकी काय स्वीकारावे आणि कामाचा क्रम कसा ठेवावा?

लेथ आणि मायक्रोमीटर (जळगाव)

पांझराकाठ, आपण लक्षणे नीट वेगळी करून लिहिली आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. माझे पहिले सांगणे असे की पाना हातात घेण्याआधी डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे माप) हातात घ्यावा. डिफरन्शियल एकदा सुटे झाले की ते मुळात कसे बसले होते, हे सांगणारा पुरावा नाहीसा होतो.

'खट्ट' या आवाजाची निदान पाच उगमस्थाने या गाडीत असू शकतात: प्रॉपेलर शाफ्टचे दोन क्रॉस (कोनात फिरू देणारे सांधे), दोन्ही हाफ शाफ्टचे (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतच्या दांड्यांचे) आतल्या बाजूचे क्रॉस, डिफरन्शियल ज्या रबरांवर टांगलेले आहे ती रबरे, डिफरन्शियलच्या आतील छोट्या गिअरांमागचे थ्रस्ट वॉशर, आणि हबचा (चाक ज्यावर बसते त्या भागाचा) शाफ्टच्या निमुळत्या टोकावरील बसाव. गाडी खड्ड्यावर घेऊन, चाके जमिनीवरच ठेवून, गिअर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असताना प्रॉपेलर शाफ्टचा मागचा फ्लँज हाताने दोन्हीकडे फिरवावा आणि प्रत्येक सांध्यावर बोट ठेवून चाल कुठे हरवते ते पाहावे. क्रॉस सैल असेल तर एक जोखड (क्रॉस धरणारा दुशाखी भाग) हलते आणि दुसरे क्षणभर थांबते. दोन्ही क्रॉस घट्ट असून हाफ शाफ्टचे फ्लँज उशिरा हलत असतील, तर चाल डिफरन्शियलच्या आत आहे.

एक खबरदारी घ्यावी. चॅसिसखाली घोड्या लावून चाके लोंबकळत ठेवली आणि इंजिन चालू करून गिअर टाकला, तर हाफ शाफ्ट फार मोठ्या कोनात फिरतात आणि चांगले क्रॉसही बिघडतात. चाके फिरवून आवाज ऐकायचाच असेल तर घोड्या दोन्ही बाजूंच्या उभ्या दुव्यांखाली (चाकाची बाजू पाट्याच्या टोकाशी जोडणाऱ्या भागांखाली) लावाव्यात, म्हणजे पाट्यावर भार राहील आणि कोन नेहमीसारखा राहील.

आता घूं घूं आवाजाबद्दल. तो फक्त ओढताना येतो आणि पाय उचलताच जातो, याचा अर्थ दातांच्या ओढणाऱ्या बाजूचा संपर्क जागचा हलला आहे. बहुतेक वेळा याला पिनियनची बेअरिंगे झिजणे कारणीभूत असते, कारण त्यांचा प्रीलोड (बसवतानाच दिलेला दाब) गेला की भाराखाली पिनियन क्राऊनपासून किंचित दूर ढकलला जातो. वळणावर आवाज बदलत असता तर मी हबच्या बेअरिंगवर संशय घेतला असता. म्हणून मिस्त्रींच्या सल्ल्यातील बेअरिंगांचा भाग मला मान्य आहे, क्राऊन-पिनियनचा नाही. ही दोन गिअरे कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार केलेली असतात आणि दोघांवर जोडीचा एकच क्रमांक कोरलेला असतो. दातांवर खड्डे किंवा टवके नसतील, तर जुनी जोडी ही बाजारात मिळणाऱ्या बेभरवशाच्या नव्या जोडीपेक्षा नक्की चांगली. मार्क ३ मध्ये ४.११ : १ हे प्रमाण असते. दात मोजून तेवढी खात्री मात्र करून घ्यावी, कारण इतक्या वर्षांत कोणी ट्रायम्फच्याच हेराल्ड गाडीचे वेगळ्या प्रमाणाचे डिफरन्शियल बसवलेले असू शकते.

मागचे झाकण काढल्यावर क्राऊनच्या दातावर डायल गेज टेकवून बॅकलॅश (दातांमधील मोकळी चाल) मोजावा, तोही चार वेगवेगळ्या ठिकाणी. साधारण ०.१० ते ०.१५ मिलिमीटर असणे योग्य. त्यानंतर दातांना मार्किंगचा निळा रंग किंवा तेलात कालवलेला शेंदूर पातळसा लावून, क्राऊनला हाताने थोडा अडसर देत पिनियन फिरवावा आणि उमटलेल्या छापाचा फोटो काढून ठेवावा. बाजूच्या बेअरिंगांच्या टोप्यांवर डावी आणि उजवी अशी पंचने खूण करावी. त्या हौसिंगसह एकत्र बोअर केलेल्या असतात, अदलाबदल झाली तर बेअरिंग वाकडे बसते. केसिंग किंचित फाकवून आतला गोळा उचलण्यासाठी कारखान्याने स्प्रेडर दिला होता. आपल्याकडे सर्रास पहारीने उचकटतात, ते कृपया होऊ देऊ नये.

पिनियनची खोली त्याच्या डोक्याखालील शिमवर (जाडी जुळवणाऱ्या पातळ चकतीवर) ठरते. नवे बेअरिंग आले की जुन्याची आणि नव्याची उंची सरफेस प्लेटवर मोजावी आणि जेवढा फरक असेल तेवढाच शिममध्ये भरून काढावा. हे केले तर मूळ खोली कायम राहते आणि छाप जुळवण्याची निम्मी मेहनत वाचते. प्रीलोड पाहण्यासाठी महागडे साधन लागत नाही. फ्लँजभोवती दोरी गुंडाळून ती स्प्रिंग काट्याने सावकाश ओढावी, पिनियन फिरत असताना काटा जे दाखवतो त्याला फ्लँजच्या त्रिज्येने गुणावे आणि उत्तर पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावे. हे मोजमाप ऑईल सील बसवण्यापूर्वी करायचे असते.

थ्रस्ट वॉशरचा खर्च किरकोळ आहे आणि ते वेगवेगळ्या जाडीत मिळतात. सगळे क्रॉस चांगले निघाले, तर आपला 'खट्ट' बहुधा तिथेच सापडेल. ऑईल गळतीसाठी नुसते सील बदलू नये. फ्लँजच्या ज्या गळ्यावर सीलची कड फिरते तिथे नखाला लागेल अशी खाच पडलेली असते. तो गळा हार्ड क्रोम करून ग्राइंड करून घ्यावा, आमच्या एमआयडीसीत हे काम व्यवस्थित होते. हौसिंगचे श्वासछिद्रही साफ करावे. त्यात एक स्प्लिट पिन मुद्दाम सैल ठेवलेली असते, ती रंगाखाली दडपली गेली की आतला दाब सीलमधून वाट काढतो आणि नवे सीलही गळू लागते.

सातपुडा (शिरपूर)

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते अनुभवातून आलेले आहे, म्हणून मांडतो. या रचनेत प्रत्येक चाकाचा शाफ्ट स्वतंत्रपणे वरखाली झुलतो आणि वळणावर अंदाज चुकला तर गाडीचा मागचा भाग झटक्यात बाहेर जातो. मद्रासला १९६१ पासून तयार झालेल्या स्टँडर्ड हेराल्डमध्ये हीच रचना होती, परंतु त्याच कंपनीने १९७२ मध्ये गॅझेल काढली तेव्हा तिला मागे सरळ, एकसंध अ‍ॅक्सल दिला. आपल्या रस्त्यांचा विचार त्यामागे असणारच. बिजासन घाट उतरताना मालाने भरलेले ट्रक मागेपुढे असतात, तिथे अशी गाडी हातात असणे मला स्वतःला धोक्याचे वाटते. एखाद्या जुन्या भारतीय गाडीचा अ‍ॅक्सल आणि दोन बाजूंना दोन कमानपाटे असे बसवून घेतले, तर सुटे भाग कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतील.

गिरणातीर (चाळीसगाव)

सातपुडाभाऊ, धोक्याविषयी आपण जे लिहिले ते खरे आहे आणि त्याची जाणीव करून दिली हे चांगलेच झाले. पण उपाय मात्र मला पटत नाही. स्पिटफायरच्या चॅसिसला मागे दोन बाजूंचे पाटे अडकवायला जागाच नाही. तिचा कणा मधून जातो, डिफरन्शियल त्यालाच टांगलेले असते आणि आडवा पाटा डिफरन्शियलच्या पाठीवर बोल्ट केलेला असतो. एकसंध अ‍ॅक्सल बसवायचा म्हणजे चॅसिस कापून नवे ब्रॅकेट वेल्ड करावे लागतील. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरील वाहनांसाठी व्हिंटेज नोंदणीची तरतूद आली. तिच्यात वाहन मूळ रूपात असणे आणि चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल झालेला नसणे ही अट आहे. नवीन नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे आहे. अशी नोंदणी घेतल्यावर गाडी रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी चालवता येत नाही, हेही पांझराकाठ यांनी निर्णय घेताना लक्षात घ्यावे. पण एकदा चॅसिस कापले की तो पर्यायच राहणार नाही.

आता कमानपाट्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण या गाडीत सर्वांत जास्त नुकसान इथे होते आणि ते सद्‌भावनेने केलेल्या कामातून होते.

ट्रकमध्ये पाट्याला बाक दिला तर गाडी उंच होते आणि एवढ्यावर विषय संपतो. स्पिटफायरमध्ये आडवा पाटा उंची तर ठरवतोच, पण चाक किती कलले आहे हेही तोच ठरवतो. हाफ शाफ्टचा आतला क्रॉस हाच चाकाच्या झुलण्याचा एकमेव बिंदू आहे. बॉडी वर गेली की दोन्ही चाकांची खालची टोके आत ओढली जातात आणि वरची टोके बाहेर कलतात. भरधाव वळणावर चालकाने घाबरून पाय उचलला की मागचा भाग आपोआप वर उचलला जातो, बाहेरच्या चाकाखालचा टायरचा टेकाव कमी होतो, चाक गाडीच्या पोटाखाली दुमडू पाहते आणि मागची बाजू सुटते. सातपुडाभाऊंनी वर्णन केलेला झटका तो हाच. गाडी मागून दोन इंच उचलणे म्हणजे या झटक्याच्या वाटेवर ती आधीच अर्धी नेऊन ठेवणे होय. एक पाटा वाढवला तर कडकपणाही वाढतो आणि मोकळी गाडी खाली बसतच नाही. ट्रायम्फने स्वतः १९७० च्या मार्क ४ मध्ये मुख्य पान सोडून बाकीची पाने मध्यभागी डुलू शकतील अशी रचना केली, तिचा हेतू गाडी डाव्या-उजव्या अंगाने कलताना पाट्याचा मागचा विरोध कमी करणे हाच होता.

म्हणून आपल्या कारागिराला काम जरूर द्यावे, मात्र लेखी मोजमापांसह द्यावे. पाने सुटी करून प्रत्येकाचा बाक कागदावर आखून घ्यावा. जे पान आपल्या डाव्या-उजव्या अर्ध्यात वेगळे भरेल तेवढेच दुरुस्त करावे. नवे पान वाढवू नये आणि भट्टीत तापवून नुसते हवेत थंड करू नये. तसे केले तर पोलादाचे पाणी उतरते आणि थोड्याच महिन्यांत पाटा पुन्हा बसतो. तापवायचेच असेल तर तेलात विझवून नंतर योग्य तापमानाला टेंपर करण्याची सोय असलेल्या ठिकाणीच द्यावे. पानाच्या आतल्या, म्हणजे बाकाच्या पोकळ बाजूवर भाराने ताण येतो. तिथे घणाचे धारदार व्रण राहिले तर तडा तिथूनच सुरू होतो, म्हणून त्या बाजूवरील खुणा पॉलिश करून घालवाव्यात. पानांच्या टोकांमधील रबरी गुट्ट्या झिजलेल्या असतील तर त्या नव्या बसवाव्यात. लोखंडावर लोखंड घासू लागले की पाटा अडखळत काम करतो.

आणि मुळात डावी बाजू मागच्या पाट्यामुळेच खाली आहे का, हे अजून सिद्ध झालेले नाही. पुढच्या क्रॉसमेंबरच्या बरोबर मध्यावर एकच जॅक लावून पुढची दोन्ही चाके जमिनीपासून जेमतेम सुटतील इतकी उचलावीत. मागच्या चाकांना अडण लावण्यास विसरू नये. मग मागची उंची दोन्हीकडे मोजावी. फरक नाहीसा झाला तर दोष पुढच्या कॉइल स्प्रिंगांत आहे आणि मागच्या पाट्याला हातही लावण्याची गरज नाही.

पांझराकाठ (धुळे)

आपण सर्वांनी इतके बारकाईने लिहिले याबद्दल मनापासून आभारी आहे. गिरणातीर यांनी सांगितल्याप्रमाणे पुढचा भाग मध्यावर उचलून पाहिला. मागचा फरक कमी झाला, पण पूर्ण गेला नाही, म्हणजे दोष दोन्हीकडे विभागलेला दिसतो. प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस घट्ट आहेत, डाव्या हाफ शाफ्टच्या क्रॉसमध्ये चाल आहे आणि शिवाय डिफरन्शियलच्या आतही चाल जाणवते. उंची वाढवण्याचा आणि अ‍ॅक्सल बदलण्याचा असे दोन्ही विचार आता सोडून दिले आहेत. हाफ शाफ्ट आणि हब सुटे करताना काय जपावे, आणि रबरी बुश घ्यावेत की पॉलियुरेथेनचे, एवढे कोणी सांगितले तर पुढचे काम सुरू करता येईल.

निवृत्त फिटर (भुसावळ)

हब काढणे हा या कामातील सर्वांत कठीण भाग आहे. तो शाफ्टच्या निमुळत्या टोकावर चावीसह घट्ट बसलेला असतो आणि वर्षानुवर्षे न हलवलेला हब तीन पायांच्या साध्या पुलरने ओढला तर त्याची कड वाकते. मग ड्रम डगमगत फिरतो आणि दोष ब्रेकचा समजला जातो. चाकाच्या चारही स्टडवर बसणारी जाड प्लेट लेथवर करून घ्यावी आणि मधून बारीक आट्यांचा मोठा बोल्ट द्यावा. नट पूर्ण काढू नये, दोनतीन आटे धरून ठेवावा, कारण हब सुटतो तो बंदुकीच्या गोळीसारखा. पूर्ण ताण देऊन ठेवावे, बोल्टच्या डोक्यावर घणाचा एक स्वच्छ ठोका द्यावा, सुटला नाही तर ताण तसाच ठेवून रात्रभर सोडावे.

उभ्या दुव्याच्या खालच्या टोकातून जाणारा लांब बोल्ट हमखास आतल्या पोलादी नळीत गंजून एकजीव झालेला असतो. त्यावर घण घालत बसण्यापेक्षा दुवा आणि ट्रनियन (त्याच बोल्टवर झुलणारा शाफ्टकडचा भाग) यांच्या फटीतून हॅक्सॉचे पाते घालून बोल्ट दोन्हीकडे कापावा. बोल्ट, नळी आणि नायलॉनचे बुश नवे मिळतात, पण दुव्याचा कान तुटला तर तो मिळवायला फार शोधावे लागते.

शाफ्ट हातात आला की दोन गोष्टी पाहाव्यात. बाहेरच्या बाजूचे सुई-बेअरिंग थेट शाफ्टच्या अंगावर फिरते, त्याला वेगळी आतली रेस नाही. त्या पट्ट्यावर बोट फिरवताना खड्डे लागले, तर नवे बेअरिंग घालून काहीच साधत नाही, शाफ्टच बदलावा लागतो. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. हबच्या टोकाजवळ, चावीच्या खाचेच्या आसपास, हे शाफ्ट थकव्याने तडकतात, आणि तिथे शाफ्ट तुटला तर चाक हबसकट गाडी सोडून जाते. डोळ्यांना दिसत नसलेला तडा डाय पेनिट्रंटने दिसतो. तीन डब्यांचा संच औद्योगिक सामानाच्या दुकानात मिळतो: आधी स्वच्छ करणे, मग लाल रंग मुरू देणे, पुसून वर पांढरे डेव्हलपर मारणे. पांढऱ्यावर लाल रेघ उमटली की तो शाफ्ट भंगारात द्यावा, वेल्ड करून पुन्हा वापरू नये. सातपुडाभाऊंच्या भीतीचा मोठा भाग या एका तपासणीने दूर होईल.

बुशबाबत माझे मत असे की डिफरन्शियलच्या माउंटिंगला रबरच ठेवावे, कारण पॉलियुरेथेनमुळे गिअरांचा आवाज सरळ बॉडीत उतरतो आणि आपली घूं घूं बरी होऊनही ऐकू येत राहील. रेडियस आर्मला (चाक पुढेमागे सरकू न देणाऱ्या दांड्याला) पॉलियुरेथेन चालेल. पण रेडियस आर्मचे पुढचे टोक स्पिटफायरमध्ये चॅसिसला नसून बॉडीच्या तळाला, सीटमागच्या उभ्या पत्र्याला जोडलेले असते. तो पत्रा आणि शेजारचा सिल (दाराखालचा पत्र्याचा पट्टा) गंजलेला असेल, तर बुश कोणतेही घातले तरी भाराखाली चाक आपली दिशा बदलत राहते. म्हणून आधी तिथे टोचणी मारून पाहावे. आर्मच्या ब्रॅकेटखालील शिम काढताना कोणत्या बाजूला किती होते ते लिहून ठेवावे, मागच्या चाकांचा टो (चाके आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते माप) त्यांच्यावरच ठरतो. टायरची आतली कड झिजण्यात पाट्याइतकाच याचाही हात असू शकतो.

जुळणी करताना रबर असलेला एकही बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळू नये. पाट्याचे डोळे आणि रेडियस आर्म यांचे बोल्ट हाताला लागतील इतके ठेवून गाडी चाकांवर उतरवावी, दोन्ही सीटवर माणसांच्या वजनाची पोती ठेवावीत, गाडी थोडी पुढेमागे ढकलून टायर स्थिरावू द्यावेत आणि मग शेवटचा टॉर्क द्यावा. लोंबकळत्या अवस्थेत आवळलेले रबर जमिनीवर आल्यावर पिळलेलेच राहते, उंची खोटी दाखवते आणि लवकर फाटते. डिफरन्शियलमध्ये ईपी ९० हायपॉइड ऑईल अर्ध्या लिटरपेक्षा किंचित जास्त लागते, भरण्याच्या भोकाच्या काठापर्यंत आले की थांबावे. तोच डबा गिअरबॉक्ससाठी वापरू नये, तिथल्या पितळी भागांसाठी जीएल-४ प्रतीचे वेगळे ऑईल घ्यावे.

लेथ आणि मायक्रोमीटर (जळगाव)

निवृत्त फिटर यांनी सांगितलेल्या प्लेटबद्दल एक भर घालतो: ती निदान वीस मिलिमीटर जाड असावी, पातळ प्लेट हबआधी स्वतःच वाकते. पांझराकाठ, बेअरिंगे घेताना जुनी बेअरिंगे सोबत न्यावीत. ती इंची मापाची आहेत आणि रेसवरचा क्रमांक बहुधा वाचता येतो, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला त्या क्रमांकावर चांगल्या कंपनीचे मिळू शकते. क्रॉससाठी टोपीचा व्यास आणि समोरासमोरच्या लॉकच्या खाचांमधील अंतर अशी दोन्ही मापे व्हर्नियरने घेऊन जावीत. व्यास जुळला तरी लांबीत थोडा फरक असलेले क्रॉस बाजारात आहेत, आणि ते बसवताना लॉक खाचेत जात नाही म्हणून जोखड घासण्याचा मोह होतो. तसे करू नये. पाने आणि शाफ्ट यांची तपासणी झाल्यावर बॅकलॅशचे चारही आकडे आणि दातांच्या छापाचा फोटो इथे टाकावा, म्हणजे शिम किती बदलायचे ते ठरवता येईल.